सवाईला जायचे आहे, अण्णांना घेऊन

नोव्हेंबर उजाडला की नेरूळच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर, औषधांच्या डबीखाली, वर्तमानपत्राचे एक कात्रण येऊन बसते. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात यंदा कोण गाणार, कोण वाजवणार, याची ती यादी असते. अण्णा त्यावर काही बोलत नाहीत. दोन-तीन नावांखाली पेन्सिलीने रेघ ओढतात आणि कात्रण पुन्हा डबीखाली सारतात. डबी दिवसातून तीनदा मीच उघडते, त्यामुळे ते माझ्या नजरेतून सुटणार नाही याची त्यांना खात्री असते.

अण्णांचे वय ८३. हृदयाची शक्ती थोडी उणावलेली, त्यासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, प्रोस्टेट वाढलेली, उजव्या गुडघ्याने असहकार पुकारलेला आणि दोन्ही कानांत श्रवणयंत्रे. नेरूळ ते पुण्याचे मुकुंदनगर हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. धडधाकट माणूस सकाळी निघतो आणि दुपारचे जेवण पुण्यात घेतो. अण्णांसारख्यांचा प्रवास मात्र किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. दोन स्वच्छतागृहांमध्ये किती वेळ जातो, यावर त्याची लांबी ठरते.

माझा भाऊ दरवर्षी एकच प्रश्न विचारतो : ‘ताई, एवढा धोका कशासाठी? घरी बसून ध्वनिमुद्रण ऐकता येत नाही का?’ प्रश्न प्रेमापोटी आलेला असतो आणि तो चुकीचाही नाही. दवाखान्यात कितीतरी मुले-मुली मला हेच विचारतात. कुणाच्या आईला पंढरपूरला जायचे असते, कुणाच्या सासऱ्यांना कोकणातल्या गावच्या जत्रेला. डॉक्टर म्हणून ‘नको’ म्हणणे मला सर्वांत सोपे आहे. ‘नको’ म्हटल्याने कुणी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्याचे आठवत नाही. परंतु त्या ‘नको’ची किंमत रुग्ण घरात बसून मोजत असतो आणि ती कोणत्याही तपासणीच्या कागदावर उमटत नाही. म्हणून या अंकात सवाईच्या निमित्ताने, ‘हो’ म्हणायचे ठरवले तर काय काय करावे लागते, ते सांगते. आरंभ माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही शनिवारी सकाळी निघालो. हीच पहिली चूक. शनिवारी सकाळी निम्मी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते. बोरघाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. द्रुतगती मार्गावर मनाला येईल तेथे गाडी उभी करता येत नाही. स्वच्छतागृह लागते ते ठरावीक ठिकाणच्या फूड मॉलवरच. अण्णांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी सकाळची लघवीची गोळी मला न सांगता टाळली होती आणि आदल्या रात्रीपासून पाणीही जवळजवळ घेतले नव्हते. पुण्यात पोहोचेपर्यंत दुपार झाली. विश्रांती न घेताच आम्ही मंडपात गेलो. खुर्च्यांची सोय असूनही त्यांनी भारतीय बैठकीचा आग्रह धरला. ‘गाणे खुर्चीवर बसून ऐकायचे नसते’ हे त्यांचे जुने मत. पाच तास ते मांडी घालून, मधूनमधून कूस बदलत बसले. संध्याकाळच्या गोळ्या वेळेवर दिल्याचे समाधान मला होते. एक गायन संपले, टाळ्या झाल्या, अण्णा उठले आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या खांद्यावर कोसळले.

शेजारच्या दोन तरुणांनी त्यांना अलगद आडवे केले, पाय उचलून धरले. दोन-तीन मिनिटांत ते भानावर आले. रात्री एका रुग्णालयात तपासणी झाली. हृदयाचा झटका नव्हता, हाड मोडले नव्हते. झाले होते ते अगदी साधे. शरीरात पाणी कमी, रक्तदाबाच्या गोळ्या पोटात, तासन्‌तास खाली बसल्याने पायांत साकळलेले रक्त आणि मग एकदम उभे राहणे. उभे राहताच रक्त पायांकडे ओढले जाते. तरुणपणी रक्तवाहिन्या क्षणार्धात आकसून तोल सावरतात, वयानुसार ती तत्परता कमी होते. मेंदूला काही क्षण रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो.

हे आधी घरी ओळखता येते. पाच मिनिटे आडवे पडल्यावर रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. जवळ कुणीतरी आधाराला असावे. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरत असेल तर प्रवासाआधी आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे. मी डॉक्टर असून वडिलांच्या बाबतीत ही तपासणी केलेली नव्हती. घरच्या माणसाचा रक्तदाब आपण नेहमी खुर्चीत बसवूनच मोजतो.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही गेलो नाही. अण्णांनी कात्रणही ठेवले नाही. तो डिसेंबर आमच्या घरात फार शांत गेला.

पुढच्या वर्षी मीच कात्रण आणून डबीखाली ठेवले आणि एका रविवारी आम्ही दोघे वही घेऊन बसलो.

पहिला निर्णय दिवसाचा. अलीकडे महोत्सव बहुधा बुधवार ते रविवार असा पाच दिवस असतो. आम्ही गुरुवारी जायचे, शुक्रवारी ऐकायचे आणि शनिवारी सकाळी परतायचे, असे ठरवले. शनिवारी सकाळी घाट चढणाऱ्यांची रीघ असते, उतरणारी बाजू त्या मानाने मोकळी राहते. ज्यांना रविवारची सांगताच ऐकायची आहे, त्यांनी परतीचा प्रवास सोमवारी दुपारवर न्यावा; रविवारी रात्री थकल्या शरीराने आणि पेंगुळल्या चालकाने घाट उतरू नये. पोहोचण्याचा आणि ऐकण्याचा दिवस वेगळा ठेवणे हा सगळ्या आखणीचा कणा आहे. एका मुक्कामाचा खर्च वाढतो, हे खरे.

दुसरा निर्णय अण्णांच्या दृष्टीने अधिक कठीण होता : सगळे ऐकायचे नाही. पूर्वी ही सत्रे रात्रभर चालत. रमणबागेच्या मैदानावर घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसलेल्या रात्री अण्णांना तारीखवार आठवतात. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकांवर बंदी आणली आणि वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत ठेवली. त्यामुळे महोत्सवाचे वेळापत्रकच दुपारकडे सरकले. रसिकांनी त्याबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त केली आहे. ज्येष्ठांची डॉक्टर म्हणून मला ती फारशी वाटत नाही. दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपणारी मैफल ही हृदयरोग्याला बरीच सोसवणारी. तरीही सहा-सात तास होतातच. आम्ही त्यातले एक गायन आणि एक वादन निवडले. पेन्सिलीच्या तीन रेघांपैकी एक खोडायला अण्णांना दोन दिवस लागले.

औषधांचे बोलणे मी स्वतः केले नाही. अण्णांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारले. वाचकांनीही तेच करावे. लघवी वाढवणाऱ्या नेहमीच्या गोळीचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो आणि पाच-सहा तास टिकतो. म्हणून ती पहाटे सहाला घेऊन सकाळी साडेदहा-अकराला निघावे, असे ठरले. पहिला जोर घरीच ओसरतो. गोळी टाळायची नाही, तिची वेळ सरकवायची आणि तीही डॉक्टरांच्या संमतीने. पाणी पूर्ण बंद करायचे नाही, दर अर्ध्या तासाने दोन-तीन घोट घ्यायचे. हृदयरोग्यांना दिवसभराच्या पाण्याची मर्यादा घालून दिलेली असेल तर ती पाळूनच. सर्व औषधे दोन दिवस जास्तीची, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. डिकीतल्या बॅगेत नव्हे. इन्सुलिन असेल तर उभ्या गाडीत ते कधीही सोडू नये. बंद गाडी डिसेंबरच्या उन्हातही तापते. बर्फाला चिकटूनही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

घाटात मळमळते म्हणून अनेक घरांत प्रवासापूर्वी उलटीची गोळी सर्रास दिली जाते. येथे मी जरा कठोर होते. यांपैकी कित्येक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, कधी भ्रम होतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते आणि कंपवाताचा त्रास बळावू शकतो. त्याऐवजी पुढच्या आसनावर बसवावे, नजर दूरवर ठेवायला सांगावे, मोबाइल वाचू देऊ नये, हलके खाऊन निघावे. गोळी हवीच असेल तर ती कोणती, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आता वाट. सायन-पनवेल रस्त्याने कळंबोली, तेथून किवळ्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग. घाट चढण्यापूर्वीचा खालापूर परिसरातला थांबा आम्ही सक्तीचा केला, ‘मला लागलेली नाही’ हे उत्तर ग्राह्य न धरता. लोणावळ्यानंतर दुसरा. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटे चालणे. सलग चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसून आले आहे. आपला प्रवास तेवढा नसला तरी घाटातली कोंडी तो तेवढा करू शकते. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर उचलणे, मग चवडे टेकवून टाचा उचलणे, असे दर अर्ध्या तासाला वीस वेळा करावे. पोटरीचे स्नायू रक्ताला वर ढकलतात. घट्ट मोजे मात्र सल्ल्याशिवाय नकोत, पायांच्या रोहिण्या अरुंद असलेल्यांना ते घातक ठरतात.

आणि ते लघवीचे भांडे. झाकणाचे, प्लॅस्टिकचे, औषधांच्या दुकानात मिळते. अण्णांसमोर हा विषय काढायला मला धीर होत नव्हता. शेवटी चालक म्हणून येणाऱ्या माझ्या मुलाने तो काढला. ‘आजोबा, कोंडीत अडकलो तर मलाही लागेल, दोघांत एक ठेवू,’ असे तो म्हणाला. अण्णा हसले. भांडे वापरावे लागले नाही. पण ते गाडीत आहे हे ठाऊक असल्याने त्यांनी पाणी मात्र प्यायले. स्त्रियांसाठी आणि अधिक अशक्त व्यक्तींसाठी प्रौढांचे डायपर हाही संकोच न करता वापरण्याजोगा उपाय आहे.

मुक्कामासाठी नातेवाईक हौसेने बोलावतात. जायला हरकत नाही. फक्त आधी फोन करून लिफ्ट आहे का, कमोड आहे का आणि झोपायच्या खोलीपासून स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या वर्षी आम्ही उतरलो त्या हॉटेलात खोली सुंदर होती, पण न्हाणीघराला दीड वीत उंचीचा उंबरा होता. अनोळखी खोलीत रात्री मंद दिवा लावून ठेवावा. पडण्याचे प्रसंग बहुधा रात्रीच्या अशा एका फेरीत घडतात. विस्मरणाचा विकार असलेल्या व्यक्तीच्या खिशात नाव आणि नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. दिवस मावळताना अनोळखी गर्दीत अशी माणसे विशेष गोंधळतात, त्यांच्यासाठी दुपारचेच सत्र बरे.

पुण्याची थंडी हा आम्हा खाडीकाठच्यांचा नेहमीचा विसर. नेरूळला डिसेंबरात पंखा सुरू असतो. पुण्यात मात्र उघड्या मैदानावरच्या मंडपात सूर्य मावळला की तासाभरात हवा पालटते. थंडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, लघवीही अधिक होते. एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर चांगले, गरजेप्रमाणे काढता-घालता येतात. पायमोजे, शाल, कानटोपी हवीच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये, चटका बसल्याचे कळतही नाही.

कानटोपीवरूनच पुढचा घोळ झाला. टोपी घातली की अण्णांची श्रवणयंत्रे शीळ घालू लागत. यंत्राचा आवाज टोपीवर आपटून पुन्हा यंत्रात शिरतो, म्हणून ती शीळ. पण त्याहून मोठी गोष्ट मला त्यानंतर कळली. अण्णा कित्येक दिवसांपासून म्हणत होते, ‘हल्ली तानपुरे बेसूर लावतात.’ घरातल्या जुन्या तबकड्यांतलेही तानपुरे त्यांना हलताना, थरथरताना ऐकू येत. आम्ही ते वयाच्या खाती टाकले होते. श्रवणतज्ज्ञांकडे गेल्यावर उलगडा झाला. श्रवणयंत्रे घडवलेली असतात ती बोलणे समजण्यासाठी. शीळ थांबवणारी त्यांच्यातली यंत्रणा लांब, स्थिर स्वर ऐकला की तो शीळच समजते आणि दाबायला धावते. तानपुऱ्याचा अखंड षड्ज किंवा बासरीचा लांबवलेला स्वर तिला शिट्टीसारखाच वाटतो. शिवाय मोठे आवाज दाबणारी आणि पार्श्वभूमीचा आवाज गाळणारी योजना ख्यालातले चढउतार सपाट करते. उपाय सोपा होता. बहुतेक नव्या यंत्रांत संगीतासाठी वेगळी मांडणी बसवून घेता येते. तिच्यात या यंत्रणा सौम्य किंवा बंद असतात. अण्णा त्या खोलीत बसले होते, तज्ज्ञांनी बटण दाबले, मी मोबाइलवर तानपुरा लावला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘लागला.’ ज्यांच्या घरी गाण्यावर प्रेम करणारे आणि यंत्र वापरणारे ज्येष्ठ आहेत, त्यांनी मैफलीच्या किमान दोन आठवडे आधी ही भेट घ्यावी. कानाला नव्या मांडणीची सवय व्हायला वेळ लागतो. जास्तीच्या बॅटऱ्या किंवा चार्जर न्यायला विसरू नये आणि ध्वनिवर्धकांच्या अगदी समोर बसू नये.

बसण्याबद्दल अखेर तडजोड झाली. खुर्ची, तीही कडेची, स्वच्छतागृहाच्या बाजूला जाणाऱ्या वाटेलगत. उठण्यापूर्वी पाय दहा वेळा हलवायचे, कडेवर येऊन मिनिटभर बसायचे, मग काठी टेकून उभे राहायचे आणि उभे राहिल्यावर लगेच चालायचे नाही. मंडपाबाहेर खाद्यपदार्थांची दुकाने असतात. तेथला मोह आवरणे वडिलांपेक्षा मुलीला अवघड जाते, हे कबूल करते. भरपेट जेवणानंतरही वृद्धांचा रक्तदाब उतरतो. म्हणून घरून नेलेली कमी मिठाची पोळी-भाजी थोडी थोडी खाल्ली. पोहोचल्याबरोबर वैद्यकीय मदतीची जागा कोठे आहे, ते पाहून ठेवले. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मुलाच्या मोबाइलवर वरच होता.

काही वेळा मात्र ‘नको’ म्हणावेच लागते. गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढून पायांवर सूज आली असेल, ताप असेल, तर त्या वर्षीचे जाणे रद्द करावे. ही सूज आणि वजन पाहण्याची सवय निघण्यापूर्वीच्या आठवड्यात रोज ठेवावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी एक शब्द. पहिल्या वर्षी मी त्या मंडपात पाच तास होते आणि एकही स्वर ऐकला नव्हता. घड्याळ, गोळ्या, अण्णांचा चेहरा, एवढेच पाहत होते. दुसऱ्या खेपेस आम्ही पाळ्या लावल्या. एक तास मुलगा अण्णांशेजारी, एक तास मी. ज्याची पाळी नसेल त्याने दोन रांगा मागे बसून केवळ गाणे ऐकायचे. गाडी चालवणाऱ्याने आदल्या रात्री पूर्ण झोप घ्यायची, हा नियम अण्णांनीच घातला.

ज्यांच्या नावाने हा महोत्सव भरतो, ते रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य, गंगूबाई हनगल, फिरोझ दस्तूर आणि भीमसेन जोशी यांचे गुरू. उत्तरायुष्यात पक्षाघाताने त्यांचे गाणे हिरावून घेतले. १९५२ मध्ये ते गेले आणि १९५३ पासून भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. अण्णांनी घाटात, खंडाळ्याच्या वळणावर, ही हकीकत नातवाला सांगितली. कानांत दडे बसल्याने दोघांनी मध्येच आवंढा गिळला, मग पुढची गोष्ट सुरू झाली.

शुक्रवारी अण्णांनी वादन पूर्ण ऐकले. गायनाच्या वेळी द्रुत ख्याल सुरू होताच मला खूण केली, मागच्या रांगेत जा म्हणून. पाळी माझी नव्हती. रात्री नऊला आम्ही निघालो, शेवटचा कार्यक्रम सोडून. उठताना त्यांनी पाय दहा वेळा हलवले, मोठ्याने मोजत, शेजारच्या आजी पाहत असताना. त्या आजींनीही मग हलवले.

शनिवारी परतताना खालापूरजवळ चहा घेतला, बिनसाखरेचा. अण्णांनी वही मागून घेतली आणि पुढच्या वर्षाच्या पानावर लिहिले : चटई नको, उशी हवी. बॅटऱ्या चार. तिसरी रेघ खोडायची नाही. शनिवारचा मुक्काम वाढवावा. शेवटच्या ओळीबद्दल आमची बोलणी अद्याप सुरू आहेत.